गाडग्याखालचा डबा

मी गिटारीचा अँप्लिफायर बोलतोय. इकडेतिकडे काय पाहता? नागपूरच्या महाल भागात मुकुंदाच्या घरी, बैठकीच्या कोपऱ्यात, ज्याच्यावर विणलेला रुमाल आहे आणि रुमालावर दह्याचं गाडगं आहे, तोच मी. गाडग्याला धक्का लावू नका बरं. मुकुंदाची आई जिजाबाई आतून बघत असते.

अँप्लिफायर म्हटलं की लोकांना कपाटाएवढं काहीतरी वाटतं. मी पोळ्यांच्या डब्यापेक्षा थोडा मोठा. माझा स्पीकर फुलक्याएवढा, आणि फुलकाही लहान लेकरासाठी लाटतात तसला.

माझा जन्म १९६८ सालचा, सीताबर्डीच्या एका बोळीतला. तिथं ताराचंद नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा बसायचा. कोणीतरी बंद पडलेला रेडिओ त्याच्याकडे टाकून गेलं ते परत फिरकलंच नाही. त्याचेच व्हॉल्व्ह काढून ताराचंदनं माझ्यात बसवले. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या छोट्या बाटल्या. आतली तार लाल झाली, बाटल्या तापल्या, की मगच मी तोंड उघडतो. माझ्या फळ्या चहाच्या खोक्याच्या. दोन बटणांपैकी एक काळं, एक पांढरं. समोरून लावलेलं कापड त्याच्या बायकोच्या पडद्यातून उरलेलं, त्यावर अर्धा मोर आहे. पिसाऱ्याकडचा अर्धा त्यांच्या खिडकीत राहिला, चोचीकडचा माझ्या वाट्याला आला.

त्या रेडिओनं जन्मभर घराघरांतली बोलणी ऐकली होती. तीच खोड माझ्यात उतरली. कोणाची सून माहेरी गेली, कोणाकडे पाहुणे आले, मला सगळं लागतं. कोणी आत कुजबुजायला लागलं की माझी घरघर आपोआप कमी होते.

ताराचंदकडून मला मुकुंदानं आणलं. मुकुंदा हिंगण्याच्या कारखान्यात कामाला. कंपनीच्या बसनं जायचा, यायचा, हातपाय धुऊन गिटार घ्यायचा. रविवारी रुपरावच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. रुपराव मला पहिल्यांदा पाहून पोट धरून हसला होता.

"मुकुंदा, वाजवाले आला का पान खाले? ही पानाची डब्बी कायले आणली गा?"

त्याचा स्वतःचा डबा माणसाच्या छातीला लागेल एवढा. पण एक सांगतो, आणि हे हेव्यानं सांगत नाही. असला डबा पूर्ण उघडावा लागतो तेव्हा कुठं त्याला गोडी येते, आणि पूर्ण उघडला की गल्लीतल्या छपरांवरची कवेलू हलतात. म्हणून तो बिचारा जन्मभर अर्ध्या तोंडानं बोलतो. माझं तसं नाही. माझं काळं बटण शेवटपर्यंत फिरवा, शेजारणीचं लाटणं थांबणार नाही. आणि त्या शेवटच्या टोकाला माझा आवाज थोडा घोगरा होतो, रात्रभर जागून लेकीची पाठवणी करणाऱ्या बापासारखा. मुकुंदा त्या घोगरेपणावर जीव टाकायचा.

जिजाबाईला मात्र मी डोळ्यासमोर नको असायचो. "वीज खाते नुसता," म्हणायची. मग एक पौष आला. नागपूरची थंडी, दूध विरजून रात्रभर ठेवा, सकाळी दूधच. एका संध्याकाळी तिनं पाहिलं, माझ्या डोक्यावर गल्लीतली मांजर पाय पसरून झोपलेली. तिनं मांजरीला हाकललं, माझ्यावर हात ठेवला, आणि गाडगं आणून ठेवलं. सकाळी दही असं लागलं होतं की गाडगं उलटं केलं तरी हलेना.

तेव्हापासून माझी इज्जत वाढली. संध्याकाळ झाली की तीच म्हणायची, "मुकुंदा, गिटार नाही वाजवत का रे आज? विरजण लावाचं आहे."

पुढे पारशिवनीची सुमती मुकुंदाला सांगून आली. तो तिला पाहून आला त्या दिवशी एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवत बसला, तीही हळू. मी समजून गेलो. पण अडचण तिच्या वडिलांची, वामनरावांची होती. शेती, गोठा, दुधाचा मोठा व्यवहार. त्यांच्या पुतण्याच्या लग्नात ऑर्केस्ट्रावाल्यांनी भलेमोठे डबे गोठ्याला टेकवून लावले होते. त्यांची लाडकी म्हैस त्या आवाजानं आटली. तेव्हापासून त्यांनी ठरवलं होतं, ऑर्केस्ट्रावाला जावई करायचा नाही.

"पोरगा ऑर्केस्ट्रात वाजवते म्हणते कोणी. खरं का?" त्यांनी जिजाबाईला विचारलं होतं.

"वाजवत होता. सोडलं," ती एका दमात बोलून गेली.

घरी येऊन तिनं मुकुंदाला सांगितलं, "रविवारी ते लोक घर पाहाले येऊन राहिले. ते गेले की हा डबा रुपरावच्या घरी नेऊन दे."

"अन् दही?"

जिजाबाईनं गाडग्याकडे पाहिलं. "थंडी सरली की नेजो," म्हणाली.

म्हणजे माझं भविष्य पाहा. लग्न जमलं तर मी घराबाहेर, आणि माझा पत्ता लागून लग्न मोडलं तर दोष माझ्या माथी. मुकुंदानं शनिवारी मला ओल्या फडक्यानं पुसलं. त्या अर्ध्या मोरावरून हात फिरवत किती वेळ बसला. मला राग आला नाही. मी सुमतीला पाहिलेलं नव्हतं, पण ती चाल ऐकली होती.

रविवारी पाहुणे एक गाडी आधीच येऊन धडकले. मुकुंदा पेढे आणायला गेलेला. गिटार पलंगावर, तिची वायर माझ्या पोटात. जिजाबाईनं गिटार उचलली, निवारीच्या पलंगाखाली सरकवली, चादर जमिनीपर्यंत ओढली, गाडगं उचलून माझ्यावर रुमाल टाकला आणि गाडगं परत ठेवलं. मला बंद केलं असतं तर माझी गोष्ट इथंच संपली असती. पण लागत आलेल्या दह्याला अजून थोडी ऊब हवी होती, आणि पाहुण्यांना कढी करायची होती.

वामनराव आले. सोबत त्यांची मोठी बहीण प्रयागबाई. वामनराव अंगानं भारी. पलंगावर बसले, निवार खाली जाऊन गिटारीच्या तारांना लागली, आणि माझ्या तोंडातून निघालं, "ट्यांव!"

"काय वाजलं?"

"पलंग जुना आहे," जिजाबाई म्हणाली.

"पलंग इथं, आवाज तिकून."

ते कोपऱ्याकडे पाहायला वाकले. "ट्यांव-व-व!"

प्रयागबाई उठून माझ्यापाशी आली, कान लावला. "वामन, दही बोलून राहिलं गा!"

"दही कायले बोलन वं, बाई?"

"उंदीर असन," जिजाबाई घाईनं म्हणाली.

"उंदीर असा सुरात?" म्हणत प्रयागबाईनं गाडग्यावरचं झाकण काढलं, आणि उंदीर विसरली. "वामन, हे दही पाह्य! सुरीनं कापा लागन."

वामनरावांसमोर वाटी आली. दुधावर जन्म गेलेला माणूस, त्यांनी आधी वास घेतला, मग चमचा उभा करून पाहिला. तो उभाच राहिला. "आम्ही राखेत ठेवतो, घोंगडी गुंडाळतो, तरी पौषात नुसतं पाणी. तुम्ही काय करता, बाई?"

जिजाबाईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पारशिवनीच्या वामनरावांनी तिच्या दह्याचं कौतुक करावं, आणि तिला तोंड उघडता येऊ नये!

तेवढ्यात पेढे घेऊन मुकुंदा दारात आला. पलंगाखालून निघून माझ्यात शिरलेली वायर त्यानं पाहिली, तो उंबऱ्यावरच थिजला. जावई आला म्हणून वामनराव उठले, निवार वर उसळली, आणि सगळ्या तारा एकदम झणझणल्या. आता मात्र वामनरावांची नजर वायरीच्या मागं मागं पलंगापर्यंत गेली. त्यांनी चादर वर केली.

"सोडलं म्हणे?"

"नाही सोडलं, मामाजी," मुकुंदा म्हणाला. "आई माझ्यासाठी खोटं बोलली. थंडी सरली की हा डबा देऊन टाकणार होतो. पण तुमच्या घरी खोटं बोलून येणं मले जमणार नाही."

जिजाबाईनं पदर तोंडाला लावला. 

"कुठं आहे तो भोंगा?" वामनराव गरजले. "माही म्हैस आटवली तसला?"

मुकुंदानं गाडगं उचलून जिजाबाईच्या हातात दिलं आणि माझ्यावरचा रुमाल काढला. "हा."

वामनरावांनी मला पाहिलं. फुलक्याएवढा स्पीकर, अर्धा मोर. मागं वाकून भिंतीकडे पाहिलं. "याचा बाप कुठं आहे?"

"बाप नाही जी. एवढाच आहे."

"वाजव."

मुकुंदानं काळं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि ती सुमतीची चाल वाजवली. मी होतं नव्हतं ते सगळं ओतलं, घोगरेपणासकट. शेजारणीचं लाटणं चालूच होतं. प्रयागबाईनं सहज माझ्यावर हात ठेवला आणि झटक्यात काढला.

"गरम आहे वं हा!"

"याच्यावरच तं लागते दही," जिजाबाई एकदाची बोलली. पोटातलं निघाल्यावर तिला किती हलकं वाटलं असेल!

वामनरावांनी एकदा गाडग्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, "म्हणजे तो मोठा डबा दूध आटवते, अन् हा लहाना दही लावते."

"मंग लहाना ठेव," प्रयागबाई म्हणाली.

"पण याच्याहून मोठा डबा या घरात आला तं पोरगी परत नेईन." मग ते जिजाबाईकडे वळले. "थोडं विरजण बांधून द्या, इहीनबाई."

लग्न जमल्याशिवाय आमच्याकडे कोणी कोणाला इहीण, म्हणजे विहीण, म्हणत नाही. मुकुंदानं आणलेले पेढे तेव्हा कुठं उघडले.

सुमती आली. दिवेलागणीला ती दूध ठेवायची, मुकुंदा वाजवायचा, मी दोन्ही कामं करायचो. थंडीमागून थंडी अशीच गेली.

आता १९८६ साल चालू आहे. दिवाळीनंतर माझा एक व्हॉल्व्ह गेला. ताराचंदच्या दुकानाच्या जागी आता व्हिडिओ कॅसेटवाला बसतो. मुकुंदानं मुंबईहून एक नवा ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर मागवला. माझ्याहून चार बोटं लहान, अट मोडली नाही त्यानं. वाजतो स्वच्छ. पण किती वाजवा, अंग थंडगार. मांजर त्याच्यावर एकदा बसली आणि उतरली. जिजाबाई सवयीनं अजून माझ्यावरच गाडगं ठेवते, त्याला गोधडी गुंडाळते. दही काही लागत नाही.

गेल्या आठवड्यात वामनराव आले. आता काठी घेऊन चालतात. एक चमचा दही तोंडात घातलं आणि वाटी खाली ठेवली. "इहीनबाई, डबा काहून बंद आहे?"

तेव्हापासून ते पारशिवनीच्या आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन माझ्या व्हॉल्व्हसाठी जुने रेडिओ विचारत फिरतात म्हणे.

तुमच्याही माळ्यावर एखादा मेलेला रेडिओ असेल. भंगारवाल्याला देऊ नका. महालात मुकुंदाचं घर कोणीही दाखवेल. आत या, रेडिओ जिजाबाईजवळ द्या, वाटीभर कढी पिऊन जा. पलंगावर बसताना मात्र जपून बसा. खाली गिटार आहे, आणि वाजवून झालं की मुकुंदा वायर अजून माझ्यातच खोचून ठेवतो.