जंघा म्हणजे नडगी

दशरथ गावडे माळ्यावरचं पातेलं काढताना स्टुलावरून घसरले आणि स्टुलाची कड नडगीवर बसली. एक्स-रेत हाड शाबूत निघालं, पण सूज होती. गंधालीचं मुलुंडला फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक होतं. तिने त्यांना व्यायाम शिकवले आणि घरी काय करायचं त्याचा छापील कागद दिला.

तो कागद तिच्या बाबांनी, श्यामसुंदर यांनी, लिहिलेला. ते शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवून निवृत्त झाले होते. लेकीच्या कामाला आपली मराठी लागली, म्हणून आठवडाभर खुशीत होते.

आठ दिवसांनी दशरथ परत आले. सूज जशीच्या तशी.

"बर्फ लावलात ना, काका?"

"रोज तीनदा. हिला विचारा."

शेजारी त्यांची बायको मालन बसली होती. "लावला गो बाय, पण मांडीला. दुखतंय खाली आणि हे बर्फ ठेवतायत वर. बोलले तर म्हणतात, कागदात जंघा लिहिलंय, डॉक्टरला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

गंधालीने कागद पाहिला. 'जंघास्थीवर बर्फ ठेवावा.' छापण्याआधी तिने तो नीट वाचलाच नव्हता. तिने माफी मागितली आणि स्वतः नडगीवर बर्फाची पिशवी बांधली.

संध्याकाळी चहा पिताना तिने बाबांना सांगितलं.

"जंघा म्हणजे गुडघ्याखालचाच भाग," ते लगेच म्हणाले. "जुन्या स्तोत्रांत बघ, वर्णन वरून खाली येतं. मांड्या, गुडघे, मग जंघा, मग पावलं."

"आणि लोक जांघ म्हणतात ती?"

"ती वर." बाबांनी चष्मा काढला. "म्हणजे तो माणूस आठ दिवस मांडी गारठवत बसला?"

दशरथांच्या पुढच्या खेपेला बाबा तिच्याबरोबर क्लिनिकमध्ये गेले आणि त्यांना म्हणाले, "चूक माझी आहे."

दशरथ अवघडले. "मास्तर, शब्द बरोबरच असणार. पण आम्ही झाडावर चढलो की आई म्हणायची, नडग्या फोडीन. जंघा फोडीन म्हणाली असती, तर कोण उतरलं असतं?"

बाबा इतके हसले की आतल्या पेशंटने पडदा सारून पाहिलं. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं. दोघं बाकावर कागद घेऊन बसले.

"हे अस्थी पण काढा," दशरथ म्हणाले. "अस्थी म्हटलं की घरात सगळ्यांचे चेहरे उतरतात."

बाबांनी 'हाड' लिहिलं. 'पादतल' खोडून 'तळपाय' केलं. "बायको सांगते ते ऐकावं, हे पण लिहा," मालन म्हणाली, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

पंधरा दिवसांत सूज उतरली, उपचार संपले. तरी पुढच्या गुरुवारी दशरथ क्लिनिकच्या बाकावर हजर होते.

"काका, आता काय दुखतंय?" गंधालीने विचारलं.

"काय नाय. मास्तर बोलले, गुडघ्याचा कागद लिहायला घेतलाय."