अकरा दिवस थांबवणारी ओळ

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. रोह्याच्या एका औषध कारखान्यात, मेनफ्रेम नावाच्या मोठ्या संगणकावर मी राहतो. मला हात नाहीत, पाय नाहीत. हजारो ओळी हेच माझे अंग. तयार झालेले औषध बाहेर कधी पाठवायचे, ते मी सांगतो.

पस्तीस वर्षांपूर्वी पेणच्या सुहासिनीबाईंनी मला लिहिले. माझी ओळ न ओळ त्यांना पाठ होती. साहेब मला दाखवायला पाहुण्यांना घेऊन येत, तेव्हा मी मनातून फुलून जाई. मग बाई निवृत्त झाल्या. मी चालत राहिलो, पण मला वाचायला कोणाला सवड उरली नाही.

गेल्या पावसाळ्यात मला नव्या हातांत सोपवायचे ठरले. व्यवस्थापक माधवरावांपुढे दोघे होते: बाहेरून आलेला हुशार अंबरीश आणि कासूच्या शेतकरी घरातली सुरभी.

अंबरीशने चार दिवसांत मला चाळून काढले. "मुलांच्या तापाची पावडर हा पावसाळ्यात अकरा दिवस उगाच अडवतो. ही ओळ काढतो," तो म्हणाला.

"ती कशाला घातलीय, ठाऊक हाय तुम्हाला?" सुरभीने विचारले.

"नाही. तुला आहे?"

"नाय. म्हणूनच हात लावू नका म्हणते."

माधवराव पेचात पडले. तापाची साथ होती, दवाखाने औषध मागत होते. मी तर पुरता घाबरलो. ती ओळ कशासाठी आहे, हे मला तरी कुठे माहीत होते?

सुरभीने सुहासिनीबाईंना फोन केला. दुसऱ्याच दिवशी बाई एसटीने आल्या आणि चष्मा सावरून पडद्यापुढे बसल्या.

"एका पावसाळ्यात पावडरीला ओल लागली," त्या म्हणाल्या. "आठ दिवस काही दिसलं नाही. नवव्या दिवशी गुठळ्या! मग एका चमच्यात औषध कमी, दुसऱ्यात भलतंच जास्त. म्हणून ही ओळ घातली: ओल असली तर अकरा दिवसांत ती दिसतेच, तोवर माल बाहेर जायचा नाही. कारण लिहायचं राहिलं, ती चूक माझी."

"पण आता पाकिटं बदललीत, बाई," अंबरीश म्हणाला.

"मग तपासून बघूया," सुरभी म्हणाली.

माधवरावांनी थांबायचे ठरवले. नवी वीस पाकिटे दमट खोलीत ठेवली. नवव्या दिवशी फोडली, तर तिनांत गुठळ्या! अंबरीश तळहातावरच्या पावडरीकडे बघत राहिला. "माझ्या लेकीला मी हीच देतो," तो हळूच म्हणाला.

माधवरावांनी मला सुरभीच्या हाती दिले. अंबरीश आपणहून तिच्या शेजारी येऊन बसला. महिनाभर दोघांनी माझ्यात काहीच बदलले नाही. फक्त वाचले, बाईंना विचारले आणि एकेका ओळीचे कारण तिच्याजवळ लिहिले. जिथे कारण सापडले नाही, तिथे सुरभीने सरळ लिहिले, 'माहीत नाही.' इतक्या वर्षांत इतक्या मायेने मला कोणी हाताळले नव्हते.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती कोणाचे तरी जुने काम येईल. ते बदला, नवे करा, हवे तर त्याला निरोपही द्या. पण आधी ते नीट वाचा. आणि ज्याने ते केले तो माणूस आहे तोवर, त्याच्या दारी जाऊन विचारा.