उलटेमास्तरांची लेक

तांब्याच्या पत्र्यावर नाव उलटं कोरावं, तेव्हा कुठे ते कागदावर सुलटं छापून येतं. मास्तरांची उभी हयात अशी चित्रं छापण्यात आणि मूर्ती घडवण्यात गेली, म्हणून सगळे त्यांना ‘उलटेमास्तर’ म्हणायचे. तेही हसायचे. लेक गेल्यापासून मात्र ते हसणं आपलं ओठांपुरतंच.

पोर सात वर्षांची, तापाने गेली. फोटो एकही नाही. होतं ते त्यांनीच छापलेलं, भिंतीवरचं तिचं चित्र. त्याच चित्राने त्यांचं नाव झालं. आता वयाने हात थरथरायला लागले होते. तेवढं तिचं तोंड मातीत हुबेहूब उतरावं, मग हात गेले तरी चालतील, एवढीच आस उरली होती.

चित्र समोर ठेवून त्यांनी कसंबसं डोकं घडवलं आणि बायकोला हाक मारली. ती बघतच राहिली.

“अहो, ही आपली नव्हे.”

“मग काय शेजाऱ्यांची आहे?”

“तीळ डाव्या गालावर होता. तुम्ही उजव्यावर लावलात.”

मास्तर भडकले. “भिंतीवर बघ की! साठी बुद्धी नाठी झालीय तुझी!”

“भिंतीवर असेल काहीही. तोंड धुताना मी डाव्या हाताने तिची हनुवटी धरायची, अंगठा बरोबर तिळावर यायचा.”

तणतणत मास्तरांनी पेटीतून त्या चित्राचा जुना पत्रा काढला. लेक गेल्यावर त्याला हात लावायचा धीरच झाला नव्हता. खिडकीशी धरला. तीळ डाव्या गालावर! भांगही दुसरीकडे. पोरीच्या पायाला भिंगरी, बसेल तर शपथ. म्हणून घाईत जशी दिसली तशी सुलटीच कोरली, आणि कागदावर ती उलटी उतरली. काय म्हणावं या माणसाला! जगाची अक्षरं न चुकता उलटवली, आणि पोटच्या पोरीपाशी चुकला. इतकी वर्षं भलत्याच मुलीकडे बघून रडला.

“अगं, मला तिचं तोंडच आठवत नाही गं,” म्हणत ते खाली बसले.

ओल्या बोटाने बायकोने उजव्या गालावरचा तीळ पुसला. मग डाव्या हाताने मातीची हनुवटी धरली आणि अंगठा जिथे आला तिथे दाबला.

“इथे.”

“सोड आता, माती दबेल,” मास्तर म्हणाले.

तिने हनुवटी सोडली नाही.