जाऊबाईंचं पत्रक

नववीच्या वर्गाला मी महिनाभर एकच गोष्ट शिकवत होते: निवडणुकीची जाहिरात समोर आली की आधी चार प्रश्न विचारायचे. कोणी केली, कोणासाठी केली, काय दाखवलं आणि काय दडवलं. मुलं इतकी तयार झाली की साबणाच्या जाहिरातीचीही उलटतपासणी घेऊ लागली. मला फार कौतुक वाटायचं. स्वतःचं, अर्थात.

त्याच महिन्यात आमच्या थोरल्या जाऊबाई वॉर्डातून उभ्या राहिल्या. घरात भाषेची शिक्षिका मी एकटीच, त्यामुळे पत्रक माझ्या गळ्यात पडलं. मी ते मन लावून लिहिलं. 'तुमच्या सुखदुःखात सदैव' वगैरे. शाळेत कुणाला कळणार होतं?

सोमवारी प्रत्येकाने घरी आलेलं एकेक पत्रक आणायचं होतं. पहिल्या बाकावरची मुलगी, जिला सगळे 'तपासनीस' म्हणतात, नेमकं तेच घेऊन उभी राहिली.

"बाई, फोटोत उमेदवार रस्ता झाडतायत, पण झाडूवरचं प्लास्टिक काढलेलंच नाही."

वर्ग खिदळला. मी गंभीर चेहऱ्याने "छान निरीक्षण" म्हटलं.

"आणि ज्या गरीब आजींना त्यांनी जवळ घेतलंय ना, त्या परवा तुमचा विसरलेला चष्मा द्यायला शाळेत आल्या होत्या."

खोटं बोलून निभावलं असतं. सासूबाईंसारख्या दिसणाऱ्या बायका जगात पुष्कळ असतील. पण मग या मुलांनी माझं पुन्हा काही खरं मानलं नसतं. त्याची मला खरंच भीती वाटली.

"त्या माझ्या सासूबाई," मी म्हटलं. "उमेदवार माझ्या जाऊबाई. आणि पत्रक मी लिहिलंय."

मुलांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मी तरंगतच घरी गेले.

घरी हे ऐकून जाऊबाई फणकारल्या. "तू माझी जाऊ आहेस की विरोधी पक्ष?" सासूबाई वेगळ्याच कारणाने रुसल्या. मी गरीब कुठून दिसते, एवढंच त्यांचं म्हणणं.

शेवटी मी नवं पत्रक लिहिलं. 'आधीचा फोटो ठरवून काढला होता. आजी घरच्याच आहेत. माफ करा. कोपऱ्यावरचं गटार मात्र मी खरंच साफ करून घेतलं.' गटाराचं जाऊबाईंनी सांगितलं, मी लिहिलं. त्यांनी नाक मुरडत ते छापलं आणि गल्लीत त्यांचं कौतुक सुरू झालं. पुढच्या सोमवारी मी ते ऐटीत वर्गात नेलं.

तपासनिसाने ते दोनदा वाचलं. "बाई, हे पहिल्यापेक्षा जास्त पटतं."

"मग?"

"मग जास्त जपून वाचायला हवं ना. एक खोटं कबूल केलं की बाकीचं आपोआप खरं वाटायला लागतं."

मी पत्रक परत घ्यायला हात पुढे केला.

"त्या दिवशी तुम्ही कबूल केलंत, तेव्हा तुम्हीही आम्हाला एकदम पटलात," ती म्हणाली. "म्हणून हे पत्रक घरी आल्यावर आम्ही चौघी जाऊन गटार बघून आलो."

"काय दिसलं?"

"तुंबलंय, बाई."

मला लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. हे मी खरं सांगतेय, पण तुम्ही माझ्या शब्दावर जाऊ नका.