इक्वाडोरची रजा

पेन्सिलीची ती बारीक बरोबरची खूण हलली – म्हणजे मांडीवरच्या पक्ष्यांच्या पुस्तकाचं पान हललं, म्हणजे मांडी हलली, म्हणजे कंपनीची बस सित्राच्या पुलावर चढली – आणि शैलेंद्रनं अंगठ्यानं पान दाबून धरलं. खूण अँटपिट्टाच्या पोटाजवळ होती. शेपूट घरीच विसरून आल्यासारखा हा गोलमटोल, लांब पायांचा पक्षी इक्वाडोरच्या डोंगरात, ढगांत बुडालेल्या जंगलात राहतो. आवाज ऐकू येतो, पण दिसत नाही… कुणाला तरी दिसला होता. अकरा वर्षांपूर्वी एक गोरी बाई बहरीन सोडताना घरातलं सगळं विकून गेली, तेव्हा त्याच्या बायकोनं, हेमानं, तिच्याकडून इस्त्रीचं टेबल घेतलं आणि त्यानं हे पुस्तक. खुणा त्या बाईच्या, पाहिलेल्या प्रत्येक पक्ष्याला एक. चारशे बारा. पण अकरा वर्षं एखादी वस्तू उशाशी घेऊन झोपल्यावर ती कुणाची, हे कोण विचारतं? निदान शैलेंद्र तरी विचारत नव्हता.

बाहेर खाडीत फ्लेमिंगो उभे होते म्हणे. शेजारचा कुणीतरी फोटो काढत होता. शैलेंद्रनं मान वर केली नाही. ते या पुस्तकातले नव्हते.

एकोणीस वर्षं त्याची वार्षिक रजा पुण्यात जात आली होती – एक दिवस बँक, दोन दिवस दात, चार लग्नं, आणि ‘तिकडे फार उकडतं का हो?’ या प्रश्नाला तेच उत्तर. यंदा मात्र इक्वाडोर. वाटाड्या ठरला होता, सहा जणांच्या गटात जागा मिळाली होती. ‘जा बाबा एकदाचा,’ हेमा म्हणाली होती, ‘नाहीतर रिटायर झाल्यावर जन्मभर मलाच ऐकवशील.’ आणि तेजस्वी, फोनमधून डोकं न काढता, ‘यू रीड इट लाइक अ पोथी, बाबा. जस्ट गो.’

दहाच्या सुमारास नजीबचा फोन आला. रजांचं काम बघणारा नजीब खेडकडचा. ऑफिसात इंग्रजी, शैलेंद्रशी मराठी.

‘साहेब, तुमचा फॉर्म माझ्यासमोर आहे. कुठं जाणार, तिथं पुणं लिहिलंय तुम्ही.’

‘काय सांगतोस!’

‘मग? महिनाभर सगळ्यांना इक्वाडोर इक्वाडोर करून पिडलंत, नि लिहिलंत पुणं! बाराला सिस्टीम बंद होते. मग खलास, पुण्याचंच तिकीट निघणार. बदलू काय?’

‘कळवतो.’

कळवतो? कळवायचं काय होतं त्यात? हात सवयीनं पुण्याकडे वळला, एवढंच. गाढव मालकाशिवायही घरी येतं. पण शैलेंद्रला त्रास झाला तो त्या चुकीमुळे नव्हे. चूक ऐकताच त्याला बरं वाटलं होतं, त्याचा – पाहुण्यांचा ‘आज नाही जमत हो’ असा फोन आल्यावर यजमानाला वाटतं तसं, अगदी तसंच. ‘अरेरे’ म्हणताना आतून पंखा लागल्यासारखं.

म्हणजे मला जायचंच नव्हतं की काय?

पुस्तकातला अँटपिट्टा कधी गैरहजर नसतो. पान दोनशे चौदा, आजारपणातही हजर. तिथं मात्र वाटाड्या कुजबुजेल, बाकीचे पाच ‘आहा’ म्हणतील, आणि आपल्याला दिसेल पान. झाडाचं. किंवा मग दिसेलच – आणि दिसला तर आपल्या हातानं खूण करावी लागेल, चारशे बारांच्या गर्दीत आपली पहिली… पहिली. म्हणजे त्याआधी किती? बावन्नाव्या वर्षी, जंगलभर पक्ष्यांची नावं पाठ असलेल्या या गृहस्थानं आजवर तिथले पाहिलेले पक्षी – शून्य.

हा आकडा त्यानं अकरा वर्षांत कधी मनातही उच्चारला नव्हता. आता उच्चारला, आणि दुखरा दात जिभेनं चाचपावा तसा चाचपून पाहिला. दुखला नाही. उलट काहीतरी आठवलं – बहरीनमधली पहिली सकाळ, हूरा वस्तीतली खोली, एक सूटकेस, रेसिडेंट कार्ड व्हायचं होतं, कुणी ओळखत नव्हतं, आणि खाली जाऊन कुठल्याही बाजूला वळलं तरी चाललं असतं… किती हलका होता तो माणूस! त्याला काहीच येत नव्हतं.

बाराला दहा कमी असताना पुन्हा फोन.

‘यल्ला साहेब, चला, बोला लवकर. पुणं, का तुमचं ते इक्वाडोर?’

‘नजीब, तू कधी पक्षी बघितलायस? नीट, निरखून?’

‘कोंबडी. रोज. प्लेटीत.’

‘मग तू माझ्या पुढे आहेस.’

‘हसताय काय? माझ्या जेवणाची वेळ झाली. फॉर्मचं बोला.’

शैलेंद्र हसतच होता. अजून आठ मिनिटं होती. तेवढ्यात आपण काय म्हणतो, हे ऐकायची त्यालाही उत्सुकता होती.