अळंबीवरच्या माशीचं नाव

माझी बायको विनिफ्रेड शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाली आणि अळंब्यांवरच्या माश्यांच्या मागे लागली. आमचं गाव इंग्लंडातल्या हेरफर्डशरमधलं, घरामागेच बर्चच्या झाडांचं रान. ऑक्टोबर लागला की ती थर्मास घेऊन निघायची आणि ओल्या पाचोळ्यात पोटावर पडून फोटो काढायची. मग ते फोटो जिल्ह्याच्या माशीतज्ज्ञांना, मिस्टर प्रॉथरोंना पाठवायची. त्यांचं उत्तर ठरलेलं: फोटोवरून सांगता येत नाही.

तीन वर्षं हेच.

"पंखावरची शीर न् शीर दिसतेय," विनी करवादायची. "आता काय माशीचा जन्मदाखला जोडू?"

"पक्ष्यांचे काढ ना," मी एकदा म्हणालो. त्या दिवशी मला चहा स्वतःच करून घ्यावा लागला.

शेवटी तिनं त्यांना फोनच लावला.

"फोटो सुरेख आहेत हो," ते म्हणाले. "पण या जातीच्या दहा-बारा बहिणी दिसायला एकसारख्या. फरक असतो तो पोटाच्या टोकाशी, तोही सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. माशीच पाठवा."

"म्हणजे मारून?"

"जिवंत कशी येईल पोस्टानं?"

"मी कोळीसुद्धा कपात धरून बागेत सोडते, मिस्टर प्रॉथरो."

"मग मी तरी नाव कुठून देऊ?"

विनीनं फोन आपटला. पण पुढच्या ऑक्टोबरात एका सकाळी ती जॅमची रिकामी बरणी घेऊन आली, आत एक माशी. बरणी तिनं फ्रीझरमध्ये वाटाण्यांशेजारी ठेवली आणि दारावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. दुपारी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी माशी कापसात गुंडाळून, काडेपेटीत घालून पोस्टात टाकली.

आठवड्यानं पत्र आलं. 'माशी पोचली. मादी आहे. या गटात फक्त नर ओळखता येतात. क्षमस्व.'

विनीनं पत्र दोनदा वाचलं. "मादी," ती म्हणाली. "आधी सांगायला काय धाड भरली होती या माणसाला?" आणि ती रडायलाच लागली. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला रडताना दोनदाच पाहिलंय. माझं डोकं फिरलं. प्रॉथरोंना फोन करून वाट्टेल ते बोललो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चुकलंच माझं. उद्या येतो."

दोन बस बदलून आले. खोकणारा, किडकिडीत म्हातारा. रानात त्यांनी अळ्या पडलेली, लिबलिबीत झालेली अळंबी शोधली आणि बादलीत ओल्या शेवाळावर ठेवली. वर विनीचा जुना पायमोजा ताणून बांधला.

"यातून माश्या निघतील, नर-मादी सगळ्या. आपल्या मरणानं मरतील, मग मला पाठवा."

"हे चार वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत?" विनीनं विचारलं.

"सुचलंच नाही," ते म्हणाले. "लोक एक तर मारून पाठवतात, नाही तर नाद सोडतात. तुमच्यासारखं कुणी भेटलं नव्हतं."

बादली आमच्या शेडमध्ये तीन आठवडे होती. वासानं मी कुदळ आणायलाही तिकडे फिरकत नव्हतो. मग माश्या निघाल्या. मेलेल्यांपैकी पंधरा विनीनं पाठवल्या, त्यांत सहा नर निघाले. या वेळी उत्तरात लांबलचक लॅटिन नाव होतं आणि पुढे तीन शब्द: जिल्ह्यात सर्वत्र आढळते.

"सर्वत्र!" विनी ओरडली. "चार वर्षं घालवली, एक जीव घेतला, आणि सर्वत्र!"

खाली प्रॉथरोंनी लिहिलं होतं की या रानातून मात्र ही पहिलीच नोंद, आणि ती तिच्या नावावर. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. "असू दे," एवढंच म्हणाली.

बादलीत पाच-सहा माश्या अजून जिवंत होत्या. तिनं मोजा सोडला. थंडीमुळे त्या उडेनात, काठावर नुसत्या बसून राहिल्या.

"जा की गं आता!" ती त्यांच्यावर खेकसली आणि घरात निघून गेली.

शेवटी मीच बादली रानात नेली आणि बर्चखाली आडवी करून ठेवली.