शंभरचा वेग

वर्षाराणीला स्टेनो व्हायचं होतं, आणि ते खूळ तिच्या डोक्यात कोर्टातच शिरलं. सासऱ्यांचा, म्हणजे जानरावांचा, शेताच्या धुऱ्याचा, बांधाचा, खटला वाशिमला चालू होता, तेव्हा एकदा ती सोबत गेली होती. न्यायाधीश साहेब बोलत होते आणि त्यांच्यासमोरच्या टेबलाशी बसलेली एक बाई भराभरा रेघोट्या ओढत होती. जानराव मधेच काही बोलायला गेले, तर साहेब म्हणाले, "थांबा, बाईंचं लिहून होऊ द्या." आणि घरात ज्यांच्या खाकरण्यानं सुना पदर सावरायच्या, ते जानराव एका बाईची पेन्सिल थांबायची वाट पाहत मुकाट उभे! बस्स. ती खुर्ची वर्षाराणीच्या मनात जी बसली ती बसलीच.

नवऱ्याच्या, गणेशच्या, मागं लागून लागून तिनं वाशिमला मराठी लघुलेखनाचा क्लास लावला. शिकवणारे गोविंदसिंग सर कोर्टातूनच रिटायर झालेले. एकच रेघ बारीक काढली तर प, दाबून काढली तर ब. स्वर सोडून द्यायचे आणि नंतर अंदाजानं ओळखायचे. आपल्या अनसिंग गावाहून रोज बसनं जाऊन, घरचा स्वयंपाक, सोयाबीनची सोंगणी, सगळं सांभाळून वर्षाराणीनं वर्षभर बोटं झिजवली. पोरगी मेहनती होती, हे तिचा दुष्मनही नाकारणार नाही.

आणि मग घरात वैभवी आली. धाकट्या दिराची, हरीओमची, बायको.

"इले बी ने तुह्यासंगं," सासू रंगूबाई म्हणाली. "घरी बसून मोबाइलच पाहून राह्यते दिवसभर."

नेलं. नेलं ते नेलं, आणि तिथंच वर्षाराणीनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. वैभवीनं ती लिपी अशी उचलली, जशी काही माहेराहून आंदणातच आणली होती! वर्षाराणीला मिनिटाला ऐंशी शब्दांच्या वेगाला वर्ष लागलं, ही बया चार-दोन महिन्यांत ऐंशीवर. सरांनी तर भर क्लासात म्हणावं, "वर्षाराणी, जावेची वही पाहा जरा. किती साफ हात आहे." वर्षाराणी हसली. आतून अंगाची लाही लाही झाली, पण हसली. बसमध्ये वैभवी खिडकीशी बसून बोटानं काचेवर दुकानांच्या पाट्या लघुलिपीत गिरवत होती, तेही तिला बघवेना. बरं, पोरगी गर्विष्ठ असती तर भांडता तरी आलं असतं. ती आपली ताई, ताई करत मागं. तेच जास्त डोळ्यात सलायचं.

त्यातच जाहिरात आली. जिल्ह्याच्या कोर्टात लघुलेखकाची एक जागा. एकच. परीक्षेला शंभरचा वेग, म्हणजे मिनिटाला शंभर शब्द. दोघींनीही अर्ज भरला. सरांचा क्लास ऐंशीपर्यंतच होता, शंभरचा सराव घरीच करायचा.

आता ह्या विद्येची एक गंमत आहे. ती एकट्यानं शिकता येत नाही. एकानं घड्याळ पाहून वाचायचं, दुसऱ्यानं लिहायचं. सरांनी उताऱ्यांवर पाव-पाव मिनिटाच्या रेघा मारून दिल्या होत्या. सेकंदकाटा तिथं आला की आपणही त्या रेघेवर यायचं. लिहिणाऱ्याची मान खाली असते. त्याला घड्याळ दिसत नाही, वाचणारा सांगेल तोच वेग. म्हणून दुपारची झाकपाक झाली की दोघी जावा माजघरात बसायच्या, आळीपाळीनं वाचायच्या.

पहिल्या दिवशी वैभवीनं शंभरनं वाचलं तेव्हा वर्षाराणीचे अर्धे शब्द सुटले. तिनं पेन्सिल भिंतीवर भिरकावली आणि संध्याकाळी जेवलीही नाही. पुढच्या दिवसांत मात्र हात बसत गेला.

"शंभरच होता ना गं?"

"हो ना ताई, शंभरच."

वर्षाराणीची छाती फुगली. पण वैभवीची पाळी आली की छाती पुन्हा खाली. तिचंही सगळं बरोबर, वर अक्षर मोत्यासारखं! एका दुपारी वर्षाराणीच्या मनात पाप आलं. 'वादीने दाखल केलेल्या दाव्यातील कथनानुसार' असं वाचता वाचता तिनं जीभ सैल सोडली. काटा मागं, ती पुढं. सेकंदकाटा पोचायच्या कितीतरी आधी ती रेघ ओलांडून गेली. वैभवीचा हात अडखळला, शब्द सुटले.

"ताई, शंभर होता?"

"शंभरच. काहून, झेपत नाही काय?"

दुसऱ्या दिवशी आणखी वाढवलं. तिसऱ्या दिवशी वैभवी रडली. "माह्याच्यानं नाही होत ताई. मी नाही देत परीक्षा." वर्षाराणीला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की त्या रात्री तिनं आपण होऊन वैभवीच्या आवडीचं पिठलं टाकलं! पण ही पोरगी सकाळी पुन्हा वही घेऊन समोर हजर. मग वर्षाराणीनं आणखी जोरात वाचलं. घसा बसला, पण वाचलं. परीक्षेपर्यंत तिनं एक दिवस खाडा केला नाही.

परीक्षेच्या हॉलमध्ये वाचणाऱ्या गृहस्थानं सुरुवात केली आणि वर्षाराणीला वाटलं, हा माणूस मुद्दाम पळतोय. दुसऱ्याच मिनिटाला ती मागं पडली. दोन शब्द, मग अख्खी ओळ, मग साक्षीदाराची सगळी उलटतपासणीच हातातून गेली. तिनं घाबरून बाजूला पाहिलं. वैभवी शांत लिहीत होती.

बाहेर आल्यावर वैभवी म्हणाली, "ताई, किती हळू वाचलं ना त्यायनं! मले तर मधीमधी थांबा लागे."

वर्षाराणी तडक स्टँडकडं चालू लागली.

निकाल लागला. जागा वैभवीला. रंगूबाईनं गल्लीभर पेढे वाटले, आणि जानराव, ते जानराव, धाकट्या सुनेला म्हणाले, "बस बेटा, उभी काहून?" वर्षाराणी उठून माजघरात गेली. जिवाची नुसती आग होत होती. मागोमाग वैभवी आली आणि तिच्या पायाशीच बसली.

"ताई, हे तुमच्यामुळं झालं. तुमी मले वाढवून वाचत होत्या ना? हॉलमधी समजलं मले. मी भिऊ नाही म्हणून तुमी शंभर सांगत. सख्ख्या बहिणीनं घसा बसवून घेतला नसता इतका."

वर्षाराणीनं हातातला पेढा कोनाड्यात ठेवला.

"आन् तू?" तिनं विचारलं. "तू मले कितीनं वाचत होती?"

वैभवीची मान खाली गेली. ती पदराचा धागा ओढू लागली. "ऐंशी. तुमी त्या दिवशी जेवल्या नाही, ताई. माह्यानं पाह्यवलं नाही. म्हटलं, हात बसला का वाढवीन. मंग तुमी इतक्या खूश राहत, का माह्या जिभेलेच होये ना." आणि ती हमसून हमसून रडायला लागली. "माह्यामुळं गेली तुमची खुर्ची."

ओरडावं, झिंज्या धराव्या, असं सगळं वर्षाराणीच्या हातापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. कोणत्या तोंडानं ओरडणार? तिनं आपलं सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मग कोनाड्यातून वही काढली, पेन्सिलीला टोक केलं.

"जागा निघतीन अजून. वाच. शंभरनं. आन् घड्याळ माह्याकडं तोंड करून ठेव."

वैभवीनं डोळे पुसले, घड्याळ फिरवून ठेवलं. "ठेवते. मी तर तुमचं घड्याळ कधीच नाही पाह्यलं, ताई. तुमी वाचून राह्यल्या म्हटल्यावर कायले पाहू?"

वर्षाराणीनं झटकन मान खाली घातली आणि वहीत रेघ ओढायला लागली. वैभवीनं अजून वाचायला सुरुवात केली नव्हती.